घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गिऱ्हाईक वस्तू कशी घेतं, हे थोडा वेळ उभं राहून पाहण्यासारखं असतं. मिक्सर असेल तर ते आधी भांडं उलटं करून बुडाची चकती झिजली आहे का ते बघतं. मग मोटर नाकाशी नेतं, कारण एकदा जळलेल्या वाइंडिंगचा वास फडक्याने पुसून जात नाही. लोखंडी कपाट असेल तर पत्र्यावर टिचकी मारतं, वाकून पायांचा गंज शोधतं, चोरकप्प्याची किल्ली आहे का विचारतं. सगळं ठाकठीक निघालं तरी 'रंग उडालाय' म्हणत दोनशे रुपये पाडून मागतं. विकणाऱ्याला असं गिऱ्हाईक नकोसं वाटतं. वस्तू फोटोसकट मोबाइलवर विकायला टाकली की या कटकटीतून सुटका होते, हेच तर ऑनलाइन विक्रीचं आकर्षण. आणि नेमकी तिथेच गफलत होते. जुन्या वस्तूच्या बाजारात खरं गिऱ्हाईक संशयी असतं. ज्याला काहीच शंका येत नाही, त्याच्याबद्दल विकणाऱ्याने शंका घ्यावी. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे. ते साधं दिसतं, पण त्याच्यावर आक्षेप बरेच येतात आणि त्यातले काही वजनदार आहेत.

जुन्या वस्तूचं गिऱ्हाईक संशयी का असतं, याचं उत्तर अर्थशास्त्रात पन्नास वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यासह या विषयावरच्या कामासाठी त्यांना 2001 चं नोबेल मिळालं, दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञांसोबत विभागून. त्यांचा मुद्दा असा, की गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडी थोडी खराबच असणार असं धरून भाव देतो. म्हणजे घासाघीस हा कुणाच्या चिकट स्वभावाचा भाग नाही, ती माहिती नसल्याची किंमत आहे. टिचकी मारणं, वास घेणं, 'बिल आहे का' विचारणं, 'का विकताय' असं आडवळणाने काढून घेणं, हे सगळं त्या अज्ञानाची भरपाई करण्याचे मार्ग आहेत. आता याच बाजारात एखादा माणूस असा आला, की ज्याला वस्तू किती वर्षं वापरली, कुठे खोट आहे, दुरुस्ती झाली आहे का, यातलं काहीही जाणून घ्यायचं नाही, तर दोनच शक्यता उरतात. एक तर त्याला पैशाची पर्वा नाही, किंवा त्याला वस्तू नकोच आहे.

सोफा आठ हजारांना विकायला टाकल्यावर पाच मिनिटांत येणारा तो निरोप अनेकांच्या ओळखीचा झाला आहे. 'सर, आयटम अवेलेबल है?' हो म्हटलं की लगेच 'ठीक है, मैं ले लूँगा, आप ऐड हटा दीजिए.' भाव तोच कबूल, फोटो आणखी नकोत, लांबी-रुंदी नको. पाठोपाठ माहिती येते, की आपण फौजेत आहोत, बदली नुकतीच तुमच्या गावी झाली आहे, सामान न्यायला आपला माणूस टेम्पो घेऊन येईल, पैसे मात्र आत्ताच पाठवून टाकतो. आणि कुणी न मागताच गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कधी कॅन्टीनचं कार्ड. या निरोपात काय काय नाही ते पाहावं. तीन माणसांचा सोफा लिफ्टमध्ये मावेल का, ही साधी चिंता त्यात नाही. न पाहिलेल्या वस्तूला इसार देताना सामान्य माणूस दहादा विचार करतो, इथे पूर्ण रक्कम द्यायची घाई आहे. आणि ओळखपत्र? खुर्ची विकत घेताना आपण कोण आहोत हे कुणी सिद्ध करत बसत नाही, पैसे मोजून दिले की झालं. ओळखपत्र तिथे येतं, जिथे पुढे विश्वासाची उधारी मागायची असते. गणवेशही त्यासाठीच निवडलेला असतो. जवानाबद्दल आपल्याकडे आदर आहे, त्याची बदली होते हेही खरं, आणि त्याच्यावर शंका घेणं अनेकांना अपराधी वाटायला लावतं. बऱ्याचदा ते कार्ड आधी फसवलेल्या कुणाचं तरी असतं, म्हणून आपलं आधारकार्ड 'व्हेरिफिकेशन'साठी उलट मागितलं तर देऊ नये, ते पुढच्या खेपेला कुणाच्या तरी फोनवर पोचतं.

पहिला आक्षेप सरळ आहे. भाव न करणारी माणसं खरोखर असतात. कुणाला वेळ नसतो, कुणाला संकोच वाटतो, एखाद्या नोकरदार जोडप्याला नव्या भाड्याच्या घरात परवापर्यंत फ्रिज हवाच असतो. हे खरं आहे, आणि म्हणून घासाघीस न करणं हा पुरावा मानता येत नाही. ती फक्त सावध होण्याची खूण आहे. पुराव्यासाठी एक बिनखर्चाची चाचणी आहे. समोरच्याच्या वाटेत एक निरुपद्रवी अडथळा ठेवायचा: 'वस्तू आधी बघून जा' किंवा 'पैसे नेतानाच द्या, त्याआधी घेत नाही.' घाईतलं खरं गिऱ्हाईक कुरकुरेल, संध्याकाळी नऊला येऊ का विचारेल, कदाचित भावाला पाठवेल, क्वचित नादही सोडून देईल. पण त्याला या अटीचा अपमान वाटणार नाही, कारण ती अट त्याच्याच फायद्याची आहे. बघून घ्या असं विकणाऱ्याने म्हणावं आणि घेणाऱ्याने हट्टाने न बघता पैसे देण्यावर अडून बसावं, ही उलटी गंगा आहे. लबाडाला ही अट मानता येत नाही, म्हणून त्याच्याकडे सबब तयार असते, आणि ती फार चटकन येते.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो अधिक टोकदार आहे. लबाडही शिकतात. उद्या तेही घासाघीस करू लागतील, लिफ्टची चौकशी करतील, मग या खुणेचं काय? खरं तर काही जण तसं करतातही. पण यातला हिशेब समजून घेतला पाहिजे. कॉर्मॅक हर्ली या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकाने 2012 मध्ये एक प्रश्न विचारला होता: नायजेरियाच्या नावाने येणारी ती लाखो डॉलरांची पत्रं इतकी हास्यास्पद का असतात? त्याचं उत्तर असं, की पत्र पाठवायला खर्च नाही, खर्च आहे तो नंतर प्रत्येक माणसाशी बोलण्यात. त्यामुळे जे शेवटी फसणारच नाहीत ते सुरुवातीलाच हसून निघून जावेत, हे लबाडाच्या सोयीचं असतं. आपल्या सोफ्याच्या गिऱ्हाइकालाही हेच गणित लागू पडतं. त्याच्यापुढे एका दिवसात शेकडो जाहिराती असतात. एकावर अर्धा तास भाव करत बसलं तर धंदा बुडतो. शब्दांची नक्कल तो करू शकतो, पण कोथरूडला येऊन सोफ्यावर बसून बघणं हे त्याला परवडत नाही. ज्या खुणेची नक्कल फुकट होते ती खूण कच्ची. ज्या खुणेला वेळ आणि बसभाडं लागतं ती पक्की. म्हणून गोड बोलणं, शुद्ध भाषा, प्रोफाइलवरचा कुटुंबाचा फोटो यांना काहीही किंमत देऊ नये. येऊन उभं राहण्याला द्यावी.

आता पैशाकडे वळू, कारण नेम तिथेच धरलेला असतो. फसवणुकीच्या बातमीखाली 'लोभ नडला' असा शेरा मारायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि या प्रकाराला तो अजिबात लागू होत नाही. विकणाऱ्याला जास्तीचं काही मिळणार नसतं, त्याने सांगितलेलेच आठ हजार मिळणार असतात. तो फसतो तो लोभाने नव्हे, हाताच्या सवयीने. यूपीआय सुरू झालं 2016 मध्ये, आणि ऑगस्ट 2025 या एका महिन्यात त्यावर 2 हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाल्यापासून दवाखान्यापर्यंत स्कॅन करायचं, आकडे दाबायचे, झालं. दिवसातून चारपाचदा हे करणाऱ्या बोटांना पैसे देणं आणि घेणं यातला फरक लक्षात ठेवावा लागत नाही, कारण घेताना बोटांना कामच नसतं. पिन लागतो तो फक्त पैसे खात्यातून जाताना, किंवा शिल्लक बघताना. येताना काहीच लागत नाही. लबाड या न वापरलेल्या जागेतच एक खोटा विधी घुसवतो: 'पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करा.' आधी दोन रुपयांचा नमुना दाखवतो, म्हणजे खरोखरच दोन रुपये पाठवतो. ते जमा झालेले दिसले की मन निवांत होतं. मग येतो मोठ्या रकमेचा कोड. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीत एका नामांकित राजकीय घरातल्या तरुणीला जुना सोफा विकताना अशाच रीतीने आधी 20 हजारांना आणि मग 'चूक दुरुस्त करतो' म्हणत आणखी 14 हजारांना गंडवलं गेलं. अशिक्षितच फसतात, हा समज निदान त्या दिवशी तरी गळून पडायला हवा होता.

त्या काळ्यापांढऱ्या चौकोनात असतं तरी काय? एखाद्या साध्या कोड-वाचक ॲपने तो उघडून पाहिला तर एक ओळ मजकूर दिसतो. सुरुवातीला 'यूपीआय', त्यापुढे 'पे', मग 'पीए' म्हणजे ज्याला द्यायचे त्याचा पत्ता, 'पीएन' म्हणजे त्याचं नाव, आणि 'एएम' म्हणजे रक्कम. एका वाक्यात एकच क्रियापद, आणि ते म्हणजे 'दे'. 'घे' असं क्रियापद त्या कोडाच्या व्याकरणातच नाही. कोडाभोवती हिरव्या अक्षरांत 'स्कॅन करा आणि 8,000 रुपये मिळवा' असं छापलेलं असलं तरी ती केवळ चौकट आहे, चित्राभोवतीची. हे एकदा पाहिलं की 'माझं नेटवर्क उलटं दाखवतंय', 'फौजेच्या खात्याला असंच लागतं' ही स्पष्टीकरणं ऐकायची गरजच उरत नाही.

कुणी म्हणेल, की ही दारं तर बंद होत चालली आहेत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठवण्याची सोयच काढून टाकली. मागणीच्या सूचनेवर लोक 'पैसे आले' समजून पिन दाबत होते, त्यावरचा हा उपाय होता आणि तो योग्यच होता. पण एक वाट बुजवली म्हणून चोर घरी बसत नाही. कोड चालूच आहेत. त्याहून सोपी युक्ती म्हणजे प्रत्यक्ष येऊन पैसे भरल्याचा खोटा पडदा दाखवणं. निळी खूण, टुंग असा आवाज, तारीख-वेळ, सगळं हुबेहूब करणारी बनावट ॲप आहेत. दुसरी युक्ती जास्तीच्या पैशांची. 'आठच्या ऐवजी ऐंशी हजार गेले, वरचे परत पाठवा, आई दवाखान्यात आहे' असा रडवेला फोन, आणि सोबत बँकेचा म्हणून आलेला निरोप. तो निरोप बहुधा दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आलेला असतो. बँकेचा निरोप तसा येत नाही. त्याला अक्षरी नाव असतं, आणि 2025 पासून शेवटी 'एस' किंवा 'टी' यांसारखं त्याचा प्रकार सांगणारं एक अक्षरही जोडलेलं असतं. पण हे सगळं पाठ करण्यापेक्षा एक करावं: समोरच्याचा फोन बघू नये, निरोप वाचू नये, आपलं स्वतःचं खातं उघडून शिल्लक बघावी. रक्कम तिथे आहे किंवा नाही.

अमेरिकेत मात्र हा शेवटचा सल्लाही पुरत नाही, आणि न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये घर बदलताना फर्निचर काढणाऱ्या मराठी कुटुंबांना हे माहीत असलेलं बरं. तिथे 1987 च्या कायद्याने बँकेला धनादेशाची रक्कम ठरावीक दिवसांत खातेदाराला वापरायला खुली करावी लागते, धनादेश खरा निघाला असो वा नसो. त्यामुळे शिल्लक वाढलेली दिसते. गिऱ्हाइकाने जास्तीच्या रकमेचा धनादेश पाठवलेला असतो आणि वरचे पैसे 'हमालाला' द्यायला सांगितलेले असतात. दोन आठवड्यांनी धनादेश बनावट ठरतो आणि बँक सगळी रक्कम परत ओढून घेते, हमालाला दिलेली आपल्या खिशातून जाते. साधन वेगळं, देश वेगळा, पण गिऱ्हाईक तेच: वस्तूबद्दल एकही प्रश्न न विचारणारं, आणि विकणाऱ्याकडून उलटे पैसे मागणारं.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सगळ्यांवर संशय घ्यायला लागलो तर बाजाराची माणुसकी जाईल, शिवाय हा संशय सारखा वाटला जाणार नाही. हिंदी बोलणारा, मोडकंतोडकं लिहिणारा, अमुक भागातला, यांच्यावर तो आधी पडेल. भीती खरी आहे. अशा फसवणुकीचं एक केंद्र म्हणून मेवातचं नाव वारंवार येतं. एप्रिल 2023 मध्ये हरियाणा पोलिसांनी तिथल्या नूह जिल्ह्यातल्या गावांवर सुमारे 5 हजार पोलीस नेऊन छापे घातले होते. पण त्यातून 'तिकडचा माणूस' असा निष्कर्ष काढला तर तो अन्यायाचा तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. फोनवरचा माणूस आपण मेवातचे आहोत असं सांगत नाही, तो साताऱ्याचा सुभेदार असल्याचं सांगतो. उलट तुटक हिंदीत 'भैया, पाँच सौ कम करो, पाया हिल रहा है' म्हणणारा रंगकाम करणारा मजूर हे अस्सल गिऱ्हाईक आहे. माणूस कोण आहे हे विचारण्याऐवजी तो काय करतो, पैसे कुठल्या दिशेने जातात आणि वस्तूकडे त्याचं लक्ष आहे की नाही हे पाहिलं, तर संशय कुणाच्या बोलीवर किंवा आडनावावर पडत नाही. 'येऊन बघा' ही अट सगळ्यांना सारखीच लावता येते.

वाहनाच्या बाबतीत शंका न घेणं जरा वेगळ्या ठिकाणी दिसतं. दुचाकी घ्यायला आलेला माणूस इंजिन ऐकेल, चेन बघेल, फेरी मारायला किल्ली मागेल. तेव्हा त्याचा सोबती किंवा त्याची स्वतःची गाडी इथे थांबली पाहिजे, कारण फेरीला गेलेल्या काही गाड्या परत येत नाहीत. पण समजा सगळं जमलं, पैसे आले, आणि तो म्हणाला, 'कागदपत्रं नंतर बघू, नावावर काय सावकाश करून घेतो.' हीच ती न दिसणारी उणीव. ज्याला गाडी खरंच आपली करायची आहे तो नावासाठी घाई करतो, कारण त्याशिवाय विमा नीट लागत नाही आणि पुढे विकता येत नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याने विकणाऱ्यावर टाकलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या एका निकालात, गाडी मधल्या काळात अनेक हातांतून गेलेली असतानाही, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव होतं त्यालाच जबाबदार धरलं. इथे पैसे बुडत नाहीत, म्हणून विकणारा निर्धास्त असतो.

आणि आता या प्रकरणाचं म्हणणं जिथे अपुरं पडतं ती जागा. एक प्रकार असा आहे, की येणारा माणूस अगदी खरा असतो. तो दार ठोठावतो, गाडीखाली वाकून बघतो, टायर दाबतो, दोष काढतो. आपली कसोटी त्याला शंभर टक्के लागू पडते, कारण त्याला गाडी हवीच असते. लबाड मधे आहे, आणि तो कधीच येत नाही. त्याने आपली जाहिरात उचलून कमी भावात स्वतःची म्हणून टाकलेली असते. आपली गाडी चार लाखांना, तर त्याच्या जाहिरातीत तीच तीन लाखांना. आपल्याला तो सांगतो, की माझा मेव्हणा गाडी बघायला येतोय, त्याच्याकडून माझं जुनं येणं आहे, म्हणून भावाचं त्याच्यासमोर काढू नका. येणाऱ्याला तो सांगतो, की गाडी माझ्या भावाकडे उभी आहे, त्याच्याशी पैशांचं बोलू नका, आमचं घरातलं भांडण आहे. दोघंही सभ्य असतात, दोघंही शब्द पाळतात. गाडी पसंत पडते, घेणारा तीन लाख लबाडाने दिलेल्या खात्यावर टाकतो आणि किल्लीसाठी हात पुढे करतो. कधी हाच खेळ उलटा होतो. तिसऱ्याच कुणाचे, त्यालाही फसवून घेतलेले पैसे आपल्या खात्यात येतात, आपण वस्तू देऊन मोकळे होतो, आणि आठवड्याभराने त्या तिसऱ्याने सायबर फसवणुकीच्या 1930 या मदतक्रमांकावर केलेल्या तक्रारीमुळे आपलं खातं गोठतं. म्हणून ज्याने भाव ठरवला, ज्याने वस्तू नेली आणि ज्याच्या नावाच्या खात्यातून पैसे आले, ती तिन्ही नावं एकच आहेत का, हे पाहण्याला पर्याय नाही.

दोघांमधल्या त्या व्यवहारात लबाडाचं भांडवल एकच असतं, ते म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचा संकोच. गाडी बघून झाली, चहाचा कप हातात आहे, पैसे अजून कुणीच कुणाला दिलेले नाहीत. अशा वेळी घेणाऱ्याकडे बघून विचारायचं, 'तुमचं कितीला ठरलंय?' तो म्हणतो, 'तीन लाख. का, तुमच्या भावाने सांगितलं नाही?'